भिंतीपलीकडची झील

हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान पिवळा पडला की आमच्याकडच्या हवेला वेगळाच वास येतो. बांध्यांतलं, म्हणजे भाताच्या खाचरांतलं, पाणी आटत आलेलं असतं, चिखलाला भेगा पडायच्या बेतात असतात आणि कापलेल्या पहिल्या पेंढ्यांतून ओला, गोडसर दरवळ उठतो. हा वास आला की मी कान देऊन बसतो. कारण मागोमाग ढोलकी येतेच.

काल संध्याकाळी ओसरीत खुर्ची टाकून बसलो होतो. तलावाच्या पलीकडच्या गावातून, पाण्यावरून आवाज आला. आधी नुसती चाचपणी, वादी ताणून मारलेली एक थाप, मग दुसरी. मग एका गळ्यानं म्हटलेली ओळ, आणि ती उचलून धरणारे चार-सहा गळे. दंडारीची तालीम सुरू झाली होती.

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं नाटक, गाणं आणि नाच, सगळं एकत्र. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत भर दिवसा दंडार होते. पुरुषच गातात, पुरुषच लुगडी नेसून नाचतात. मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि थांबतो. ती ओळ उचलून परत देणाऱ्यांना झिलकरी म्हणतात, आणि त्यांच्या त्या परत देण्याला झील. झीलवाचून दंडार म्हणजे एका काठाची नदी.

मागे घरात दुसरंच संगीत चालू होतं. माझी नात वृंदा बाळंतपणाची रजा घेऊन नागपूरहून आली आहे. तिच्या सात महिन्यांच्या लेकीपुढे एक पिवळं खेळणं असतं. कळ दाबली की दिवे लुकलुकतात आणि सूर वाजतात. "आजोबा, हसू नका," वृंदा म्हणाली. "गाण्यानं बाळाची वाढ चांगली होते. पुस्तकात दिलंय."

"हसत नाही. पुस्तक बरोबर आहे."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला ते एका दंडारीत कळलं," मी म्हणालो. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं आणि ती आत पळाली. सांगायचं राहून गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. आम्ही भंडारा जिल्ह्यातले. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती, मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, आणि अर्जुनीवरून जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी हेच आमच्या गावाचं घड्याळ होतं. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यांच्या पाळी, म्हणजे काठाचे बांध, राखल्या, धान पिकवला. पण कॉलेजची पायरी चढलेला घराण्यातला पहिला माणूस मी. नागपूरला राहून बी.ए. झालो. याचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. उगाच नम्रपणा दाखवत नाही. बानं तो पदवीचा कागद काचेत बसवून आणला आणि आतल्या खोलीत, कुडावर माती लिंपलेल्या भिंतीवर लावला. बाला अक्षरओळख नव्हती. सणासुदीला तो धोतराच्या सोग्यानं ती काच पुसायचा.

मी अर्जुनीच्या शाळेत मास्तर झालो. सायकलनं जायचो, सायकलनं यायचो. लग्न झालं. सगुणा दरेकसाकडच्या डोंगरातली, जंगलाच्या कडेची. ती घरात आली ती गाणी घेऊनच. त्यांत आमच्या बोलीचे शब्द असत, गोंडी असत, छत्तीसगढी असत, आणि काही शब्दांचा अर्थ तिलाही सांगता येत नसे. माझ्या मायला सून आवडली ती त्यामुळेच. माय स्वतः गावातली, भाताच्या रोवणीची गाणी गाणारी. चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेत पहिली ओळ तिची असायची.

आमचा पहिला मुलगा झाला तेव्हा सारं गाव जेवलं. पाळण्याची गाणी झाली, वाजंत्री आली, पोराच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. माय शेजारच्या गावातल्या बायांनाही बोलावून आणायची, "माह्या नातवाले पाहून जा वो." एक उन्हाळा त्याला बाधला आणि तो गेला. पुढे मुलगी झाली. तिचंही बारसं गाजावाजात झालं. तीही राहिली नाही.

याहून जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की दुसऱ्या खेपेनंतर मायनं गाणं सोडलं. रोवणीत ती मुकाट वाकू लागली, पहिली ओळ दुसऱ्या कोणाची तरी होऊ लागली. भिंतीवर तांदळाच्या पिठाचे हाते, म्हणजे पंजांचे ठसे, मारायची आमच्याकडे रीत आहे, दिवाळीला, लग्नाला, लेकरू झाल्यावर. मायनं हातेही बंद केले.

तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा मायनं आमच्याकडची जुनी रीत केली. लेकराला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं ते उचललं, आणि मायनं तिच्याकडून मूठभर कोंडा देऊन विकत घेतलं. असं लेकरू टाकाऊ, त्याच्यावर कोणाची नजर जात नाही. नाव ठेवलं कचरा. बारसं नाही. पाळणा नाही. वाळे नाहीत.

"कोनी गाऊ नोका," मायनं सांगितलं. "कोनी कवतिक करू नोका. लेकरू हाय ह्ये घराले माहीत हाय, बस झालं."

झोळीची दोरी करकर वाजायची. माय तिला जवसाचं तेल लावायची, म्हणजे तेवढाही आवाज नको. आम्ही घरात हळू बोलायला लागलो. पुढे आपण हळू बोलतो हेही विसरलो. तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही तर बी.ए. मग कसं चालू दिलं? बी.ए. झालेल्या माणसाची दोन लेकरं गेली की तोही दोरीला तेल लावलेलं बघतो आणि गप्प बसतो. मायच्या भीतीत माझी भीती मिसळलेली होती, कोणती कोणाची ते निवडता आलं नसतं.

कचरा वाढत होती. गोंडस, भरलेली, खाणारी. वेळेवर बसली, वेळेवर उभी राहिली, ओसरीभर दुडुदुडु धावू लागली. फक्त आवाज नव्हता. रडायची तेही थोडंसं, आणि लगेच थांबायची. बरोबरीची पोरं आई, माय, पापा, हम्मा म्हणू लागली. ही पाहायची, हसायची, आणि हसणंही बिनआवाजाचं. गावातल्या बायका आमच्या दारावरून जाताना नजर चुकवू लागल्या. मुकी, हा शब्द आमच्यासमोर कोणी काढला नाही. पण तो अंगणात येऊन बसला होता.

एका दुपारी मी एक गोष्ट पाहिली. सगुणा लेकीला झोळीत झोके देत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती गात होती. माहेरची गाणी, एकामागून एक, आवाजाशिवाय. झोळीच्या कडेवरून कचरा आईचं तोंड पाहत होती, आणि तिचेही ओठ तसेच हलत होते. तसेच उघडत, तसेच मिटत, आणि त्यातून काही निघत नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो. लेकीला गाणं येत होतं. आम्ही तिला जसं शिकवलं तसंच येत होतं.

दसऱ्याच्या सुट्टीत तिला गोंदियाला नेलं. छोट्या गाडीनं. फलाटावर इंजिनानं शिट्टी मारली तशी ती दचकून वळली. सगुणानं माझा हात घट्ट धरला. ऐकू येत होतं तर. डॉक्टर वयस्कर होते, हिंदी बोलणारे. त्यांनी तिच्या पाठीमागे चमचा वाजवला, चुटकी वाजवली, घसा पाहिला.

"कान ठीक हैं मास्टरजी, जुबान भी ठीक है। घर में इससे बोलता कौन है?"

मी सगुणाकडे पाहिलं.

"गाता कौन है?"

सगुणानं मान खाली घातली.

"तो ये किसको जवाब दे?" डॉक्टर म्हणाले. रागानं नाही, खरंच विचारावं तसं.

घरी येऊन मायला सांगितलं. ती धान पाखडत होती. सूप थांबलं नाही. "डाक्टरनं दोन लेकरं पुरली हायेत काय?" ती म्हणाली. "मुकी राहीन तं राहीन. जित्ती तं राहीन."

ती चुकीची होती असं मला म्हणवत नव्हतं, आणि बरोबर होती असंही. त्या घरात दोन बाया होत्या, एकीला वाटत होतं गायलं तर लेकरू जाईल, दुसरीला वाटत होतं गायलं नाही तर ते कधीच बोलणार नाही. दोघी एकाच झोळीच्या दोन बाजूंना बसत.

त्याच आठवड्यात उरकुडाभाऊ आला. गावच्या दंडारीचा मुख्य गाणारा, ढोलकीही तोच वाजवायचा. तालीम आजवर मालगुजाराच्या वाड्यापुढे व्हायची. मालगुजारी गेली, मालक शहरात राहायला गेले, फाटकाला कुलूप लागलं. तालमीला जागा उरली नव्हती.

"काका, तुमचं आंगन मोठं हाय," तो बाला म्हणाला.

बा उमेदीत स्वतः झिलकरी होता. त्यानं मायकडे पाहिलंच नाही. "या," म्हणाला.

माय आतून आली. "लेकरू हाय घरात."

"लेकरू आंदर राहीन, दंडार भायेर राहीन. मदी भिंत हाय," बा म्हणाला. घरात त्याचं बोलणं कमी. पण बोलला की ते दगडासारखं पडून राहायचं, हलवायला जड.

उरकुडाभाऊ जाता जाता मायजवळ थांबला. "काकी, माहं नाव उरकुडा काऊन हाय, तुले तं माहीत हाय. मलेबी उकिरड्यावरूनच उचललं हाय. मी नाई वाईट होऊ देनार तुह्या लेकराचं." मायनं अंगण झाडून दिलं.

दिवाळी तोंडावर होती, घरं लिंपायचे दिवस. मायनं आतल्या खोलीची भिंत सारवून वर पांढरी छुई दिली, ही आमच्याकडची चुन्यासारखी माती. भिंत अजून ओली होती. त्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास अंगणात पहिली तालीम बसली. मायनं कचराच्या डोक्याला टोपडं बांधलं, कानांवरून घट्ट, आणि तिला सगुणाजवळ आत बसवलं. बाहेर ढोलकी कडाडली.

सगुणानं मला नंतर सांगितलं ते असं. पहिल्या थापेला लेक ताठ झाली. दुसऱ्या गाण्याला उठली, टोपडं ओढून फेकलं, भिंतीशी गेली, आणि भिंतीला कान नाही, हात लावला. कुडाची भिंत ती, ढोलकीनं तिला आतून कंप सुटत असणार. मग ती भिंतीला थापट्या मारायला लागली. बाहेर थाप, आत थापटी. "आदी मागं पडे," सगुणा म्हणाली, "मंग बरोबर. अवो, मंग बरोबर."

सकाळी मायनं भिंत पाहिली. माझ्या पदवीच्या खाली, लेकराच्या हाताला पोचेल तेवढ्या उंचीवर, ओल्या छुईत पंजे उमटले होते. एकावर एक, दाट, जणू चिमण्यांचा थवा ओल्या मातीवर उतरून गेला असावा. मायनं बराच वेळ पाहिलं. मग छुईचं मडकं आणलं आणि सगळे पुसून भिंत पुन्हा पांढरी केली.

संध्याकाळी तालीम, सकाळी पंजे. माय पुन्हा पुसायची. काही दिवस असं चाललं. आणि एका सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा छुईचं मडकं कोनाड्यात पालथं होतं, पंजे भिंतीवर होते, आणि माय चुलीपुढे बसून होती. मी सायकलवर टांग मारली. पण त्या दिवशी वर्गात मी पोरांना दोनदा एकच धडा शिकवला म्हणतात.

आता ती संध्याकाळ.

कापणी जोरात होती. माणसं शेतातून उशिरा परतत होती. तालमीला उरकुडाभाऊ आला आणि त्याचा झिलकरी डोमा आला, बाकी कोणी नाही. डोमा म्हणजे गावचा विदूषक. दंडारीत लुगडं नेसला की बायकासुद्धा त्याच्याकडून पदर घ्यायला शिकाव्यात असा. पण बिडीपायी छातीचा खुळखुळा झालेला. उरकुडाभाऊनं ओळ टाकली, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर बगळा एका पायावर उभा आहे अशी काहीतरी साधीच, आणि थांबला. डोमानं उचलायची, जी जी म्हणून. डोमाला नेमका तेव्हा ठसका लागला. तो वाकून खोकत राहिला. ढोलकी चालू, ओळ टाकलेली, आणि झील नाही. अंगणात ती जागा रिकामी राहिली.

भिंतीपलीकडून आवाज आला. "ई—"

बारीक, चिरका, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा.

बा ओसरीत होता. त्याच्या हातातली दोरी वळायची थांबली. माय सूप घेऊन दारात होती, ती तशीच राहिली. मी उठायला लागलो तर बानं माझा गुडघा दाबला.

उरकुडाभाऊनं दाराकडे पाहिलं नाही. हे मी कधी विसरणार नाही. त्यानं मान वळवली नाही, ढोलकी थांबवली नाही, वाहवा केली नाही. तीच ओळ पुन्हा टाकली आणि पुन्हा थांबला. आता डोमाला खोकला नव्हता. त्यानं मुद्दामच तोंडावर पंजा दाबून धरला होता.

"जी," भिंत म्हणाली. "जी जी."

आमच्या घरातली भीती त्या दोघांना ठाऊक होती. चांगलं म्हणायचं नाही, कौतुक करायचं नाही, नजर जाईल. पण काही न म्हणता राहवणारं नव्हतं. उरकुडाभाऊनं ढोलकीवर शेवटची थाप मारली आणि करवादला.

"डोम्या, हा कोन झिलकरी आनला गा तू? ना सूर, ना ताल."

डोमाच्या डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं म्हणू या. "सस्तात भेटला बाप्पा," तो म्हणाला. "मूठभर कोंड्यात. मंग असाच राहीन."

सगळे मायकडे पाहायचं टाळत होते. मी मात्र पाहिलं. तिच्या हातातलं सूप तिरपं झालं होतं आणि त्यातले दाणे उंबऱ्यावर सांडत होते. आता ती अंगण रिकामं करायला सांगते, असं मला वाटलं. तिनं सूप खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला.

"सूर नाई तं शिकवा ना गा," माय म्हणाली. "आंगन कायले देलं तुमाले?"

बा मोठ्यानं हसला. त्या घरात किती दिवसांनी कोणी मोठ्यानं हसलं होतं. आत कचरानं ते ऐकलं आणि तीही हसली. आवाज करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं तांदूळ वाटले. पातळ पिठात हात बुडवला आणि आतल्या भिंतीवर, त्या चिमण्या पंज्यांच्या शेजारी, आपला हाता मारला. मग सगुणाला म्हणाली, "तू बी मार." बा, मी, सगळ्यांनी मारले. माझ्या पदवीच्या काचेवर पिठाचे शिंतोडे उडाले. बानं ते पुसले नाहीत.

आणि त्या दिवशी झोळी हलवताना सगुणाचे ओठ हलले, आणि या खेपेला त्यातून गाणं आलं. आवाज बसलेला होता, पहिल्या ओळीला फाटला. बरेच दिवस बंद असलेलं दार उघडताना बिजागरी जशी कुरकुरते तसं झालं. माय बाहेर अंगणात होती. ती जवळ आली नाही, गेलीही नाही. उगाच झाडलेलं अंगण पुन्हा झाडत राहिली, गाणं संपेपर्यंत.

लेकरू एका दिवसात बोलायला लागलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. जी जी झाल्यावर बरेच दिवस तेवढंच होतं. भाकर दाखवली, जी जी. कुत्रं दिसलं, जी जी. मग उरकुडाभाऊनं ओळी बदलायला सुरुवात केली. भर तालमीत दंडारीचं गाणं बाजूला ठेवून तो काहीही जुळवायचा, आमची गाय, तिचं शेपूट, बाची पगडी, आणि ओळीचा शेवटचा शब्द गिळून थांबायचा. कचरा आता बाच्या मांडीवर, अंगणातच असायची. ती तो शब्द शोधायची. तोंड उघडायची, मिटायची, हात हवेत थापटायची. सगळी दंडार तिच्यासाठी खोळंबायची. धान कापून दमलेली माणसं ती, हातांना विळ्याचे चरे पडलेले, मंडई आठवड्यावर आलेली. पण एका लेकराला शब्द सापडेपर्यंत कोणी ढोलकीची घाई केली नाही. "गाय" आली. "पानी" आलं. "माय" आलं तेव्हा दोघीही वळल्या, सगुणाही आणि माझी मायही, आणि कोणाला हाक मारली यावरून त्या दोघींत पुढे कित्येक वर्षं गमतीचं भांडण चाललं.

प्रत्येक शब्दाला डोमा नावं ठेवायचा. "हा का शब्द हाय? काकी, परत देऊन टाक, कोंडा वापस घे."

"तुले देतो का मंग?" माय म्हणायची.

"माह्या घरी हायेत ना चार, आदीच बिनकामाचे."

मंडईच्या दिवशी बानं तिला खांद्यावर बसवलं. गुळाची जिलेबी, फुगे, धुळीचा लोट, आणि मधे दंडार. उरकुडाभाऊनं ओळ टाकली. झिलकऱ्यांनी उचलली. आणि बाच्या खांद्यावरून, सगळे थांबल्यावर, एकटीच, उशिरा, जी जी. माणसं वळून पाहायला लागली. मायनं घाईनं नातीच्या गालाला काजळाचं बोट लावलं. पण तिला खाली उतरवलं नाही.

पुढच्या रोवणीला मी शाळेतून येत होतो. आमच्या बांध्या रस्त्याला लागूनच. बाया चिखलात वाकलेल्या, झोळी आंब्याच्या फांदीला. लांबून आवाज आला आणि मी सायकलवरून उतरलो. पहिली ओळ मायची होती. तोच जुना, जाडाभरडा, पाण्यावरून दूर जाणारा आवाज. ओळ टाकून ती थांबली. बायांनी उचलायच्या आधी पाळीवरून आमच्या कचरानं उचलली. मी तिथेच सायकल धरून उभा राहिलो. पाऊस लागला तरी छत्री उघडायचं सुचलं नाही.

पुढे मी थोडंफार वाचलं. लेकराशी बोलावं, गावं, त्याच्या आवाजाला उत्तर द्यावं, हे लिहिणारे लिहितात, आणि ते खरं आहे. वाचून मला आनंदच झाला, आपल्या अंगणातली गोष्ट पुस्तकात सापडावी याचा. पण मला एक जास्तीचं ठाऊक आहे. गाण्यात जी जागा रिकामी सोडतात ना, लेकरू त्या जागेतून आत येतं. वृंदाचं ते पिवळं खेळणं चांगलं आहे, सूर गोड आहेत. फक्त ते थांबत नाही. ते काही त्याचं पाप नव्हे, थांबायला समोरच्याची वाट पाहावी लागते.

माझ्यावर उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मोठी नावं घेऊ शकत नाही. गोंदियाच्या त्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, त्यांचे आहेत. बानं "या" म्हटलं, त्याचे आहेत. सगुणाचे आहेत, तिनं मुक्यानं का होईना, गाणं सोडलं नाही. उरकुडाभाऊचे आहेत, त्यानं दाराकडे पाहिलं नाही. आणि सगळ्यांत जास्त मायचे. जिला खरंच वाटत होतं की गाण्यानं लेकरू जातं, तिनं छुईचं मडकं पालथं घातलं. तेवढं धाडस मला कॉलेजात गेल्यावरही कुठे शिकायला मिळालं नाही. ही सगळी माणसं आता नाहीत. कुडाची भिंतही गेली, तिथे विटांची आली. पदवी अजून आहे. काचेच्या कोपऱ्यात तांदळाच्या पिठाचा एक वाळलेला ठिपका आहे. तो मी कोणाला पुसू देत नाही.

आज संध्याकाळी वृंदाची आई सडक अर्जुनीहून बसनं आली. तिथे तिनं उभी हयात बालवाडी चालवली. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव आजही कचरा आहे. बदलायला मी कितीदा सांगितलं, तिनं ऐकलं नाही. आल्याबरोबर तिनं हातपाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं, खेळण्याची कळ बंद केली. एक ओळ म्हटली, बगळ्याची, आणि थांबली. बाळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिलं. तिनं पुन्हा म्हटली, पुन्हा थांबली. तलावापलीकडे ढोलकी लागली होती. मग तिनं नातीला माझ्याकडे दिलं आणि चहा ठेवायला गेली.

बाळाचे ओठ हलले.

"अं—गी," बाळ म्हणालं.

"ना सूर, ना ताल," मी मोठ्यानं म्हणालो.

वृंदा रुसलीच. "आजोबा, किती छान म्हणाली ती. तुम्ही नावं काय ठेवता?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आतून, कपबशांच्या आवाजातून, माझ्या लेकीनं विचारलं, "कायच्या भावात भेटला जी बाबा, हा झिलकरी?"

"मूठभर कोंड्यात," मी म्हणालो.